विश्लेषण: बाहेरच्या हार्ड डिस्क यूएसबीऐवजी कार्डने जोडल्या तर काय बदलतं? एचबीए, ई-साटा आणि केबलचा गोंधळ

लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ असो, वास्तुविशारदाचं ऑफिस असो किंवा घरातला वीस वर्षांचा फोटोंचा साठा असो, हळूहळू टेबलावर हार्ड डिस्कची चळत उभी राहतेच. प्रत्येक डिस्कची यूएसबी केबल वेगळी, मोठ्या डिस्कना अडॅप्टरही वेगळे आणि टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्डावर प्लगची दाटी. मग एके दिवशी जुनी फाइल हवी असते, डिस्क लावली जाते आणि विंडोज विचारतं, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे का?

हा प्रश्न समोर आला म्हणजे डिस्क मेलीच, असं नसतं. अनेकदा डिस्क धडधाकट असते आणि बिघाड तिच्या व कॉम्प्युटरच्या मधल्या दुव्यात असतो. हा मधला दुवा काढून डिस्क सरळ मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या कार्डला जोडता येते. सर्व्हरच्या जगात हे नेहमीचंच आहे. मोडीत निघालेल्या सर्व्हरमधली कार्डं स्वस्तात मिळू लागल्यापासून ते घरगुती वापरातही आलं आहे. मात्र कार्ड, केबल आणि वीज यातली एखादी निवड चुकली, तर जो डेटा वाचवायला हा खटाटोप केला तोच हातचा जाऊ शकतो.

यूएसबीच्या डब्यात नेमकं काय असतं?

दुकानात 'एक्स्टर्नल हार्ड डिस्क' म्हणून मिळणाऱ्या साडेतीन इंची डब्यात बहुधा साधी साटा डिस्क असते. तिच्या टोकाला एक छोटं सर्किट असतं, त्याला ब्रिज म्हणतात. कॉम्प्युटर यूएसबीची भाषा बोलतो, डिस्क साटाची, आणि ब्रिज त्यांच्यातला दुभाषी. अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये अनेकदा हा दुभाषी डिस्कच्या सर्किट बोर्डावरच बसवलेला असतो. तिथे साटाचं कनेक्टर मुळात नसतंच. अशी डिस्क डब्यातून काढली तरी कार्डला जोडता येत नाही, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी हे तपासलेलं बरं.

दुभाषी चांगला असेल तर यूएसबीमध्ये काही वावगं नाही. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. ७२०० आरपीएमची आजची मोठी हार्ड डिस्क सेकंदाला २०० ते २५० मेगाबाइटच्या पलीकडे फारशी जात नाही. म्हणजे एका डिस्कसाठी यूएसबी ३.० पुरेसं आहे. 'कार्ड लावलं की डिस्क फास्ट होते' असं दुकानदार सांगतो तेव्हा तो एका डिस्कबद्दल बोलत असेल, तर ते खरं नाही. अपवाद यूएसबी २.० चा. त्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. ४ टेराबाइटची भरलेली डिस्क त्या वेगाने कॉपी करायला ३१ तासांहून जास्त लागतील. तीच डिस्क सेकंदाला १८० मेगाबाइटने वाचली गेली तर काम सव्वासहा तासांत होतं.

खरी अडचण वेगाची नाही, वागणुकीची आहे. डिस्कवर खराब सेक्टर असतील तर ती एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. तेवढा वेळ ब्रिज थांबत नाही. तो वैतागून स्वतःला रीसेट करतो, डिस्क 'निघून' जाते आणि पुन्हा येते. मरायला टेकलेल्या डिस्कवरून डेटा काढताना हे सर्वांत घातक ठरतं. जीएनयू डीडीरेस्क्यूसारखं सॉफ्टवेअर खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग उतरवून घेतं, पण त्यासाठी डिस्क दिसत राहायला हवी. शिवाय डिस्कच्या तब्येतीची स्मार्ट नावाची नोंदवही असते. ती काही ब्रिज नीट पुढे देतात, काही देतच नाहीत. डिस्क आजारी आहे हे मालकाला कळायचा मार्गच बंद होतो.

मग कार्ड करतं काय?

कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसतं आणि डिस्कशी तिच्याच भाषेत बोलतं. याला होस्ट अडॅप्टर किंवा होस्ट बस अडॅप्टर, थोडक्यात एचबीए म्हणतात. हे नाव जुनं आहे. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकन कंपनीच्या सासी या जोडणीतून पुढे स्कझी आलं आणि १९८६ मध्ये त्याला अमेरिकेत अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षीच्या मॅकिंटॉश प्लसला मागच्या बाजूला स्कझीचं पोर्ट होतं आणि बाहेरची हार्ड डिस्क त्यालाच जोडली जाई. पीसीवाल्यांना मात्र त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागे. प्रत्येक डिस्कला वेगळा क्रमांक द्यायचा, साखळीच्या शेवटी टर्मिनेटर लावायचा, तो विसरला की सगळी साखळी बंद. आज केबलच्या कटकटीला वैतागणाऱ्यांनी तो काळ पाहिलेला नाही, एवढंच.

२००३ मध्ये साटा आलं आणि रुंद, चपट्या आयडीई केबलची जागा बारीक केबलने घेतली. साटाच्या सिग्नलला केबलची मर्यादा १ मीटरची, शिवाय त्याचं नाजूक कनेक्टर कॅबिनेटच्या आतच राहायचं या हिशोबाने बनवलेलं. म्हणून बाहेरच्या डिस्कसाठी ई-साटा हा मजबूत भाऊ आला. केबल २ मीटरपर्यंत आणि वेग आतल्या डिस्कइतकाच. तेव्हा यूएसबी २.० चं राज्य होतं, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना ई-साटा वरदान वाटलं. पण त्या केबलमधून वीज येत नव्हती, प्रत्येक डिस्कला अडॅप्टर हवाच होता. यूएसबी ३.० आल्यावर वेगाचा फायदाही गेला आणि ई-साटा मागे पडलं. नव्या मदरबोर्डवर ते जवळपास दिसत नाही. जुना ई-साटा डबा घरात पडून असेल, तर मागच्या पट्टीवर ई-साटा पोर्ट असलेलं साधं कार्ड घेऊन तो आजही चालवता येतो.

स्वस्त साटा कार्डात मेख कुठे?

ऑनलाइन बाजारात चार, सहा, दहा, अगदी वीस साटा पोर्टची कार्डं मिळतात. पोर्टची संख्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. खाली बारीक अक्षरांत पाहायच्या त्या दोन गोष्टी: चिप कोणती आणि स्लॉटच्या लेन किती.

पीसीआय एक्स्प्रेसची लेन म्हणजे रस्त्याची मार्गिका. दुसऱ्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मेगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीच्या लेनमधून साधारण ९८५. मार्व्हेलची ८८एसई९२१५ ही चिप चार साटा पोर्ट देते, पण ती दुसऱ्या पिढीच्या एकाच लेनवर चालते. चारही डिस्क एकदम वाचायला घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १०० मेगाबाइटच्या आसपास उरतात. एका वेळी एकच डिस्क वापरणाऱ्याला हे जाणवणार नाही. चार डिस्कचा रेड चालवणाऱ्याला, एक डिस्क बदलून नवी भरताना, चांगलंच जाणवेल. त्या मानाने जेमायक्रॉनची जेएमबी५८५ ही पाच पोर्टची आणि एएसमीडियाची एएसएम११६६ ही सहा पोर्टची चिप तिसऱ्या पिढीच्या दोन लेन वापरतात. घरगुती कामाला या दोन पुरतात.

दहा-वीस पोर्टच्या कार्डांमध्ये बहुधा एक किंवा दोन मूळ चिप आणि त्यांच्यामागे पोर्ट मल्टिप्लायर असतात. एका नळाला तोटी लावून पाच फाटे काढावेत तसा हा प्रकार. पाणी तेवढंच आणि एका फाट्यात अडथळा आला की बाकीचेही अडखळतात. एक डिस्क बिघडली की तिच्याबरोबरच्या चार धडधाकट डिस्कही गायब झाल्यासारख्या दिसतात. रेडमध्ये एकदम पाच डिस्क गायब होणं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर गुदरलं आहे त्यांनाच माहीत. अनेक डिस्क मावणाऱ्या ई-साटा डब्यांमध्येही हाच मल्टिप्लायर असतो आणि इंटेलच्या चिपसेटमधले साटा पोर्ट त्याला दाद देत नाहीत. असा डबा थेट मदरबोर्डला जोडला तर चारपैकी एकच डिस्क दिसते. डबा खराब नसतो. मल्टिप्लायर समजणाऱ्या चिपचं कार्ड लागतं.

सर्व्हरमधून आलेली एसएएस कार्डं इतकी लोकप्रिय का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर 'सर्व्हरचं कार्ड' हा शब्द कानावर पडेलच. कंपन्या सर्व्हर बदलतात, जुन्यातली कार्डं सुटी होऊन बाजारात येतात. या कार्डांची जोडणी एसएएस नावाची, म्हणजे स्कझीचीच नवी पिढी. तिचा मोठा गुण असा की एसएएसच्या कार्डाला साटा डिस्क चालते. उलट मात्र होत नाही. एसएएस डिस्क साटा पोर्टला लागत नाही आणि कनेक्टरची रचनाच अशी ठेवलेली आहे की साटाची केबल तिथे बसूच नये.

यातलं सर्वांत गाजलेलं कार्ड म्हणजे एलएसआयचं ९२११-८आय. एसएएस२००८ ही चिप, दुसऱ्या पिढीच्या आठ लेन, दोन कनेक्टर आणि प्रत्येक कनेक्टरला चार डिस्क, म्हणजे एकूण आठ. स्लॉटची क्षमता सेकंदाला ४००० मेगाबाइट, आठ हार्ड डिस्कची एकत्र मागणी फार तर २००० च्या आसपास. कोंडी होतच नाही. नावातला 'आय' म्हणजे कनेक्टर आतल्या बाजूला. 'ई' असेल तर ते मागच्या पट्टीवर, बाहेरच्या डब्यासाठी. बाहेरच्या डिस्क जोडायच्या असतील तर ९२००-८ई किंवा ९२०७-८ई ही जात शोधावी लागते. ९२०७ मध्ये एसएएस२३०८ ही पुढची चिप आणि तिसऱ्या पिढीच्या लेन आहेत. १२ गिगाबिटवाल्या ९३०० मालिकेतली कार्डं आता जुन्या बाजारात येऊ लागली आहेत, पण फिरत्या हार्ड डिस्कसाठी ६ गिगाबिट पुरेसे आहेत. जास्तीचे पैसे केबलवर खर्च केलेले बरे.

एलएसआय ही कंपनी २०१४ मध्ये अव्हागोने घेतली आणि २०१६ मध्ये अव्हागोने ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव धारण केलं. त्यामुळे एकाच कुळातल्या कार्डांवर तीन वेगवेगळी नावं दिसतात. त्याखेरीज डेल, आयबीएम यांनी आपल्या सर्व्हरसाठी हीच चिप वापरून स्वतःच्या नावाची कार्डं काढली. डेलचं पर्क एच३१० आणि आयबीएमचं एम१०१५ ही त्यातली ओळखीची.

आयटी मोड म्हणजे काय आणि त्याचा इतका आग्रह का?

सगळ्या प्रकरणातला हा कळीचा भाग आहे.

एकच चिप, पण तिच्यात भरलेल्या फर्मवेअरप्रमाणे कार्ड वेगवेगळं वागतं. रेडचं फर्मवेअर असेल तर कार्ड स्वतःला डिस्कचं मालक समजतं. अनेक डिस्क एकत्र करून कॉम्प्युटरला एकच मोठी डिस्क दाखवतं आणि कोणती डिस्क कुठल्या गटातली याची नोंद डिस्कवरच, आपल्या पद्धतीने लिहून ठेवतं. आयटी, म्हणजे इनिशिएटर टार्गेट, फर्मवेअर असेल तर कार्ड मधे मधे करत नाही. डिस्क जशी आहे तशी पुढे पाठवतं. स्मार्टची नोंद दिसते, डिस्कचा अनुक्रमांक दिसतो, आणि तीच डिस्क उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या साध्या साटा पोर्टला लावली तरी वाचता येते.

बाहेरच्या डिस्क जोडणाऱ्याला हे दुसरं वागणंच हवं असतं. भरलेली डिस्क रेड कार्डाला जोडली तर काय होतं? काही कार्डं ती दाखवतच नाहीत. मेनूत शिरून तिला 'व्हर्च्युअल ड्राइव्ह' करा, असं सुचवतात. ते करताना 'इनिशियलाइज' हा पर्याय येतो. तो निवडला की कार्ड डिस्कवर स्वतःची नोंद लिहितं आणि सुरुवातीचा भाग पुसतं. पूर्ण इनिशियलाइज निवडलं तर सगळीच डिस्क शून्यांनी भरते. तिथून परत येण्याचा रस्ता नाही. दुसऱ्या रेड कार्डवरून आलेल्या डिस्कना हेच कार्ड 'फॉरेन' म्हणतं आणि दोन पर्याय देतं: आयात करा किंवा नोंद पुसून टाका. घाईत माणूस दुसरा निवडतो. डिस्कमध्ये काही मोलाचं असेल तर रेड कार्डाच्या मेनूत शिरण्यापूर्वी तिची केबल काढून ठेवणं, हाच शहाणपणा.

म्हणून विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न: कार्ड आयटी मोडमध्ये आहे का? नसेल तर फर्मवेअर बदलता येतं. एसएएस२००८ साठी सॅस२फ्लॅश हे साधन आणि २०.००.०७.०० ही फर्मवेअरची आवृत्ती सर्रास वापरली जाते. फेज २० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोष होते, त्यामुळे शेवटचे आकडे तपासायला हवेत. डेल, आयबीएमच्या कार्डांवर दुसरं फर्मवेअर चढवताना आधीचं पूर्ण पुसावं लागतं आणि त्यात कार्डाचा एसएएस पत्ताही जातो. तो कार्डावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. आधी फोटो काढून ठेवायचा. पुसल्यानंतर आणि नवं चढण्याआधी वीज गेली तर कार्ड निकामी होऊ शकतं. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय हा उद्योग करू नये आणि त्या वेळी एकही डिस्क कार्डाला जोडलेली नसावी.

आणखी एक खोड. डेल किंवा आयबीएमचं कार्ड साध्या मदरबोर्डात बसवल्यावर कधीकधी कॉम्प्युटर सुरूच होत नाही. स्क्रीन काळी. स्लॉटमधल्या एसएमबस नावाच्या दोन पिनांवरून कार्ड आणि बोर्डाचं भांडण होतं. बी५ आणि बी६ या त्या पिना. त्यांच्यावर उष्णतेला टिकणाऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की भांडण मिटतं. हा उपाय जुगाडू वाटतो, पण वर्षानुवर्षं चालत आला आहे.

केबल सारख्या दिसतात, मग चुकतं कुठे?

कार्डाच्या बाजूला एक जाडसर कनेक्टर, दुसऱ्या टोकाला चार साटाची शेपटं. ९२११ वरच्या या कनेक्टरचं नाव एसएफएफ-८०८७. ही केबल दोन प्रकारची मिळते: फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला अगदी सारखी. फॉरवर्ड केबल कार्डाकडून चार डिस्ककडे जाते. रिव्हर्स केबल मदरबोर्डच्या चार साटा पोर्टकडून डिस्कच्या पेटीतल्या एका कनेक्टरकडे जाते. उलटी घेतली तर एकही डिस्क दिसत नाही आणि बिचाऱ्या कार्डाला खराब ठरवून परत पाठवलं जातं. कार्डासाठी फॉरवर्डच हवी.

बाहेरच्या बाजूला ६ गिगाबिटच्या कार्डांवर एसएफएफ-८०८८ आणि १२ गिगाबिटच्या कार्डांवर एसएफएफ-८६४४ असतं. साध्या वायरने जोडलेल्या साटा डिस्कला इथेही १ मीटरची मर्यादा लागू राहते, कारण सिग्नल साटाचाच. बाहेरच्या पेटीत एक्स्पान्डर असेल तर मात्र कार्ड ते एक्स्पान्डर हा प्रवास एसएएसचा असतो आणि केबल कितीतरी लांब चालते. एका केबलच्या चार मार्गिकांमधून सेकंदाला २४०० मेगाबाइट जाऊ शकतात. चोवीस डिस्कची पेटीही एका केबलवर चालते. सगळ्या एकदम पळवल्या तर प्रत्येकीला १०० मेगाबाइट मिळतील, इतकंच. पोर्ट मल्टिप्लायरपेक्षा एक्स्पान्डर महाग असतो आणि तो पैसा वाया जात नाही. डिस्क बिघडल्यावर शेजारच्यांना ओढत नेण्याचं प्रमाण इथे खूपच कमी.

वीज कुठून आणायची?

कार्ड फक्त डेटाची ने-आण करतं, डिस्कला वीज देत नाही. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. फिरायला सुरुवात करताना ती १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट, तेही पहिल्या काही सेकंदांसाठी. लोकल बनावटीच्या एसएमपीएसवर भले ४५० वॅट लिहिलेलं असो, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं. एसएएसची कार्डं आणि पेट्या डिस्कना एकामागोमाग फिरवण्याची सोय देतात. ती चालू करावी.

मोलेक्स ते साटा हे वीस-तीस रुपयांचं कन्व्हर्टर हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. ज्यात तारा प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात, त्या प्रकारात आतल्या तारा जवळ येऊन शॉर्ट झाल्याची आणि कनेक्टर जळाल्याची उदाहरणं आहेत. ज्यात प्रत्येक तार स्वतंत्र पिनेत दाबून बसवलेली दिसते, तो प्रकार त्यापेक्षा बरा. एका शेपटावर चार डिस्क लावू नयेत.

विजेचीच एक गंमत डब्यातून काढलेल्या काही डिस्कबाबत होते. डब्यात चालणारी डिस्क एसएमपीएसला लावली की हलतच नाही. २०१६ च्या साटा ३.३ मानकात वीज कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं गेलं: तिथे ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. जुने एसएमपीएस तिथे कायम ३.३ व्होल्ट देतात आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते, म्हणून चांगल्या प्रतीच्या मोलेक्स कन्व्हर्टरने ती चालू होते. कोणी त्या पिनेवर चिकटपट्टी लावतं. डिस्कमध्ये दोष काहीच नसतो.

डब्यातली डिस्क कार्डाला लावल्यावर रिकामी का दिसते?

आता पुन्हा त्या फॉरमॅटच्या प्रश्नाकडे. डिस्क डब्यात असताना सगळं दिसत होतं. कार्डाला लावल्यावर विंडोज म्हणतं, 'इनिशियलाइज करा'. डेटा तसाच असतो. मग दिसत का नाही?

याचं एक कारण जुन्या विंडोज एक्सपीपर्यंत जातं. त्या काळच्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटचा असे. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशोब केला तर २.२ टेराबाइटच्या पुढची जागा मोजताच येत नसे. मोठ्या डिस्क एक्सपीवरही चालाव्यात म्हणून काही डब्यांच्या ब्रिजने युक्ती केली: आठ सेक्टरची मोट बांधून ४०९६ बाइटचा एक सेक्टर असल्याचं कॉम्प्युटरला सांगायचं. डिस्कवर पार्टिशन २५६ व्या सेक्टरपासून सुरू होतं, अशी नोंद झाली. ब्रिजच्या हिशोबाने ती जागा १०,४८,५७६ व्या बाइटवर येते. डिस्क थेट जोडली की सेक्टर पुन्हा ५१२ बाइटचा होतो आणि कॉम्प्युटर तेच पार्टिशन १,३१,०७२ व्या बाइटवर शोधतो. तिथे काहीच नसतं. एकाच घराचा पत्ता दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजल्यासारखं हे झालं. डिस्क पुन्हा त्याच डब्यात ठेवली की सगळं जागच्या जागी दिसतं.

दुसरं कारण अधिक कडक आहे. काही कंपन्यांच्या डब्यांमध्ये ब्रिज लिहिताना डेटा एन्क्रिप्ट करतो, मालकाने पासवर्ड ठेवला असो वा नसो. अशी डिस्क थेट वाचली तर फक्त अर्थहीन बाइट दिसतात. डबा बिघडला म्हणून फेकून दिला आणि आतली डिस्क ठेवून घेतली, तर किल्ली फेकून कुलूप जपल्यासारखं होतं. म्हणून डेटा कार्डाच्या साखळीत न्यायचा असेल तर क्रम असा ठेवावा: डबा चालू असतानाच डेटा यूएसबीने कॉपी करून घ्यायचा, दुसऱ्या डिस्कवर तो उघडतो याची खात्री करायची, मग जुनी डिस्क काढून कार्डाला लावायची आणि नव्याने फॉरमॅट करायची.

चुकून 'इनिशियलाइज' दाबलं गेलंच, तर विंडोज फक्त पार्टिशनची नवी कोरी नोंद लिहितं, बाकीच्या डेटाला हात लावत नाही. तिथेच थांबलं आणि पुढे फॉरमॅट केलं नाही, तर टेस्टडिस्कसारख्या मोफत साधनाने जुनं पार्टिशन शोधता येतं. रेड कार्डाचं 'इनिशियलाइज' आणि विंडोजचं 'इनिशियलाइज' हे शब्द सारखे, परिणाम वेगळे. कोणाचा मेनू उघडला आहे याकडे लक्ष हवं.

चालू कॉम्प्युटरमधून डिस्क काढता येते का?

एसएएस कार्डांवर येते. मदरबोर्डच्या साटा पोर्टवर बायोसमध्ये हॉट प्लग चालू केलं असेल तर येते. पण कार्डाला जोडलेली डिस्क विंडोजला बहुधा आतली, कायमची डिस्क वाटते आणि लिहायचा डेटा काही काळ मेमरीत साठवला जातो. यूएसबी डिस्कसाठी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून झटपट काढता येण्याची सेटिंग आपोआप मिळते, तशी इथे मिळत नाही. 'सेफली रिमूव्ह' करूनच, फिरण्याचा आवाज थांबल्यावर डिस्क ओढावी.

लॅपटॉपवाल्यांनी काय करायचं?

जुन्या लॅपटॉपना एक्स्प्रेसकार्डची फट असे आणि त्यात ई-साटाचं कार्ड बसे. ती फट आता गेली. थंडरबोल्ट असलेल्या लॅपटॉपला बाहेरच्या पेटीत पीसीआय एक्स्प्रेस कार्ड लावता येतं आणि त्यातून एचबीए चालतो, पण मॅकवर यातल्या बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मिळत नाहीत. तेवढ्या पैशात जुना डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड लावणं आणि नेटवर्कवरून डिस्क वापरणं अधिक सोपं पडतं. लिनक्सवर एसएएस२००८ साठी वेगळं काही बसवावं लागत नाही. अपवाद काही कॉर्पोरेट आवृत्त्यांचा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मधून या चिपचा आधार काढून टाकला आहे.

जुनं कार्ड घेताना काय पाहायचं?

एलएसआयच्या नावाची नक्कल केलेली कार्डंही बाजारात आहेत. अगदी 'नवं, सीलबंद' ९२११ संशयास्पद भावात मिळत असेल, तर त्यापेक्षा सर्व्हरमधून काढलेलं, डेल किंवा आयबीएमचं स्टिकर असलेलं जुनं कार्ड जास्त भरवशाचं. मागची पट्टी कोणत्या उंचीची आहे हे विचारावं. सर्व्हरमधली कार्डं अनेकदा आखूड पट्टीसह येतात आणि साध्या कॅबिनेटमध्ये स्क्रू बसत नाही. मदरबोर्डवर आठ लेनचा मोकळा स्लॉट हवा. लांब दिसणाऱ्या दुसऱ्या स्लॉटमध्ये अनेकदा आतून चारच लेन असतात. कार्ड त्यातही चालतं, अर्ध्या वेगाने.

शेवटचा मुद्दा उष्णतेचा. ही कार्डं सर्व्हरच्या सोसाट्याच्या पंख्यांसमोर बसायला बनवलेली आहेत, त्यांच्यावर स्वतःचा पंखा नसतो. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीत, कॅबिनेटच्या तळाशी अडकवलेलं कार्ड तापून चुका करू लागतं आणि मग चांगल्या डिस्क मधूनच गायब होतात. ४० मिलिमीटरचा छोटा पंखा हीटसिंकवर बसवला किंवा कॅबिनेटचा एक पंखा कार्डाकडे वळवला, तर एवढ्याने काम होतं. हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायला पंधरा मिनिटं लागतात.